वाळू पळते

“मॅडम, तीन दिवसांत 18 हजार गेले आणि पोरीनं पाण्यात पायाचं बोट बुडवलं नाही.” बाबांचं हे पहिलं वाक्य. आईचं दुसरं, “आणि आता ती बाथरूममध्येही जात नाही. तिला फोबिया झालाय का?”

दोन्ही वाक्यांतला सूर असा होता की तक्रार मुलीबद्दल कमी आणि एकमेकांबद्दल जास्त आहे हे कळायला समुपदेशक असण्याची गरज नव्हती. मुलगी, तिला इथे चिऊ म्हणू, सव्वाचार वर्षांची. ती माझ्या खेळण्यांच्या टोपलीत डोकं घालून बसली होती. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.)

झालं होतं ते असं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून दिवेआगर. ताम्हिणी घाटात चिऊला दोनदा उलटी झाली, माणगावला तिनं काही खाल्लं नाही, म्हसळ्यानंतर झोप लागली आणि मुक्कामी पोचताच बाबांनी तिला उठवलं, कारण सूर्यास्त चुकला असता. सुरूच्या बनातून थेट किनाऱ्यावर. बाबांनी तिला कडेवर घेतलं, स्वतःच्या गुडघ्याइतक्या पाण्यात गेले आणि तिथे खाली ठेवलं. लाट आली, परत गेली, आणि चिऊनं जी किंकाळी फोडली ती आईच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत आहे. मला तो दाखवण्यात आला. त्यात बाबांचं हसणंही ऐकू येतं आणि पाठोपाठ, “थांब, अजून एकदा, भीती मोडायलाच हवी.” दुसऱ्या वेळी व्हिडिओ हलतो, कारण आई पळत सुटलेली असते.

पुढचे दोन दिवस चिऊ खोलीत. आजींनी परत आल्यावर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरी मात्र नवंच सुरू झालं. बाथरूमच्या दारात पाय रोवून रडणं. माझ्याकडे आले तेव्हा तीन आठवडे ती ओल्या टॉवेलनं अंग पुसण्यावर होती.

मी माझी परात काढली. स्टीलची, मोठी, चाळलेली वाळू भरलेली. चिऊनं लगेच दोन्ही हात खुपसले. म्हणजे वाळूचं वावडं नव्हतं. मग तांब्यानं पाणी ओतलं. तिनं स्वतःच वाटी घेऊन आणखी ओतलं, बाहीही भिजवली. म्हणजे पाण्याचंही नव्हतं. एक बाहुली वाळूत उभी केली आणि सहज परातीची एक कड उचलली. पाणी दुसऱ्या कडेला वाहत गेलं, जाताना बाहुलीच्या पायाजवळची वाळू घेऊन गेलं आणि बाहुली कलंडली.

चिऊनं हात मागे घेतला.

“पळते,” ती म्हणाली.

“काय पळतं गं?”

“वाळू पळते. पायाखालून.”

लाटेच्या काठाशी उभं राहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पाणी परतताना टाचांखालची वाळू ओढून नेतं, पाय रुततो, आणि क्षणभर आपणच मागे चाललोय असं वाटतं. आपल्याला त्यात मजा वाटते, कारण जमीन जागेवर आहे यावर आपला तीसचाळीस वर्षांचा विश्वास असतो. चिऊची उंची जेमतेम 100 सेंटिमीटर. बाबांचा गुडघा म्हणजे तिची कंबर. झोपेतून उठवलेल्या, पोट रिकामं असलेल्या मुलीला अनोळखी जागी कमरेइतक्या पाण्यात ठेवलं आणि तिच्या पायाखालची जमीन खरोखरच निघून गेली. तिची भीती मला अगदी मुद्द्याला धरून वाटली.

आणि बाथरूम? आईनंच एकदम तोंडावर हात ठेवला. “जाळी! बादलीतलं पाणी तिच्या पायावरून जाळीकडे पळतं.”

आता फोबियाबद्दल. हा शब्द हल्ली पालक फार लवकर उचलतात. अंधार, कुत्रा, मिक्सरचा आवाज, फ्लश, समुद्र, या वयात कशाची ना कशाची भीती असतेच आणि बहुतेकदा ती ओसरते. एखाद्या भीतीला फोबिया म्हणताना ती साधारण सहा महिने किंवा अधिक टिकून आहे का, आणि रोजच्या जगण्याच्या आड येते का, हे पाहिलं जातं. चिऊचे तीन आठवडे झाले होते. पण आंघोळ बंद झालेली, म्हणून सहा महिने थांबायचं कारण नव्हतं.

उपाय घरातलाच निघाला. चिऊला पाटावर बसवायचं, पायही पाटावर. पाणी पाटाखालून जाऊ दे. जाळीवर फडकं ठेवायचं आणि ते काढायचं काम तिचं. ती म्हणेल तेव्हाच पाणी जाईल. कागदाची होडी जाळीपर्यंत. मग एक पाय खाली, मग दुसरा. आठव्या दिवशी ती उभी राहिली. नवव्या दिवशी पाहुण्या आलेल्या आत्यानं गमतीनं मागून तांब्या ओतला आणि गाडी परत पाटावर आली. असं होतं. पुन्हा चार दिवस.

“काही होत नाही” हे वाक्य मी घरात बंद करायला सांगितलं. होत असतं ना! तिला कळलेली गोष्ट आपण खोटी ठरवतो, मग ती आपल्याला पुढचं काही सांगत नाही. “वाळू पळते खरी, माझ्याही पायाखालून पळते, हात धर,” हे चालेल. आणि “तो बघ, तुझ्याहून लहान मुलगा कसा खेळतोय” हे तर अजिबात नको.

बाबांना हे पटायला वेळ लागला. “मग नुसते लाड करायचे का? मला मामानं पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं. मी काय मेलो?” श्रीवर्धनकडचं आजोळ, मे महिन्याच्या सुट्ट्या, सगळी भावंडं. हा भोपळा मला वर्षातून तीनचार वेळा ऐकायला मिळतो, त्यामुळे पुढचे प्रश्न तयार असतात. वय किती होतं? नऊ. मामा कुठे होता? आधीच विहिरीत. मग काय झालं? ते जरा थांबले. “त्या सुट्टीत मी परत विहिरीकडे फिरकलो नाही. पुढच्या मे महिन्यात शिकलो.”

बायकोनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

मग मी तिघांना विचारलं, सहलीत तुम्हाला काय हवं होतं? बाबांना मुलीला लाटेवर तरंगायला शिकवायचं होतं. आईला दोन दुपारी सलग झोपायचं होतं, आणि हे सांगताना तिला अपराधी वाटत होतं. चिऊला मुक्कामाच्या घरातलं मांजर आवडलं होतं. एका सहलीत या तीन सहली कोंबल्या होत्या आणि एकीचीही कुणी उघड वाच्यता केली नव्हती. 18 हजार वसूल व्हायचे तर समुद्र सगळ्यांना एकाच वेळी आवडायला हवा, हा हट्ट बराचसा त्यातून आलेला.

दुसऱ्यांदा गेले ते रंगपंचमीला जोडून. सोसायटीतल्या पिचकाऱ्या चुकवायच्या हेही कारण होतंच. या वेळी भरती-ओहोटी आधी बघा म्हटल्यावर बाबांनी त्याच मामाला फोन लावला. मामानं कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. पंचमी म्हणजे पावणेचार, त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोरही तोवर जरा उतरलेला. तरी पोचल्यावर तिथल्या मच्छीमारांना विचारायचं, कुठे खड्डा आहे, कुठे ओढ आहे. मूल हाताच्या अंतरावर, आणि त्या वेळी मोबाइल खिशात. फुगवलेल्या ट्यूबवर भरवसा ठेवू नये. समुद्राची थोडी भीती मुलाकडे राहिली तर माझी काही हरकत नसते. मोठ्यांकडे ती पुरेशी नसते, म्हणून तर किनाऱ्यावर दरवर्षी माणसं बुडतात.

पहिली संध्याकाळ मांजरासोबत गेली, ठरवून. आई दुपारी झोपली होती, तेही ठरवून. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चिऊ बराच वेळ खेकड्यांनी बिळांभोवती रचलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी बघत उकिडवी बसली. मग एका डबक्यात उभी राहिली, घोट्याएवढ्या. मग म्हणाली, “तिथे.” तिथे म्हणजे लाटेची शेवटची, पातळ कड. बाबांनी हात धरला आणि तिच्याइतकेच वाकून उभे राहिले.

पाणी आलं, परत गेलं. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती, मग बाबांच्या.

“बाबा, तुझी पण पळतेय!”

पाचसात लाटांनंतर तिनं हात सोडवला आणि खेकड्यांकडे परत गेली. त्या दिवशी पुन्हा पाण्याजवळ आली नाही. आईनं मला सांगितलं, बाबांनी विचारलंही नाही.