पाणलोटासाठी बी आपल्याच शिवारातले

प्रश्न : माण तालुक्यातील आमच्या गावाने श्रमदानातून डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) काढले आणि गिरिपुष्प व सुबाभळीची मिळाली ती रोपे तेथे लावली, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतली बहुतेक वाळून गेली. यंदा गावातच देशी झाडांची रोपवाटिका करण्याचे ठरत आहे. बियाणे कोठून आणावे आणि कोणती झाडे निवडावीत?
(एक शिक्षिका, जि. सातारा)

उत्तर : बियाण्यासाठी आपल्याला गावाची शीव ओलांडावी लागू नये. बांधावरची बाभूळ, माळावरचे हिवर आणि बोर, ओढ्याकाठचा करंज ही झाडे आपल्याकडच्याच तुटपुंज्या पावसात, शेळ्यामेंढ्यांच्या तोंडातून वाचून वाढलेली आहेत. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतले. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उपयोगी आहे, परंतु उघड्या मुरमाड उतारावर त्याचा भरवसा मी धरणार नाही.

बी गोळा करताना शाळेजवळच्या एकाच झाडाखाली पोती भरण्याचा मोह टाळावा आणि एकमेकांपासून दूर असलेल्या वीस-पंचवीस निरोगी झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे. करंजाच्या शेंगा आणि बाभळीचे पडे (शेंगा) उन्हाळ्यात मिळतात. पळसाची चपटी शेंग मे-जूनमध्ये गळते आणि तिच्या टोकाशी एकच बी असते. जांभळाचे बी सुकले की मेले, म्हणून फळ खाल्ल्यावर ते आठवड्याभरात पिशवीत लावावे. बाभळीचे बी याच्या उलट, कवच कठीण असल्याने नुसते पेरून लवकर उगवत नाही. त्यासाठी गावाकडची सोय उत्तम : रात्री रवंथ करताना शेळ्या ज्या बिया तोंडातून टाकतात त्या सकाळी वाड्यातून वेचाव्यात. तसे जमले नाही तर बियांवर उकळते पाणी ओतून त्या रात्रभर त्याच पाण्यात राहू द्याव्यात.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत भरावे. पिशव्या अधूनमधून जागेवरून हलवल्या नाहीत तर मुळे तळातून जमिनीत शिरतात आणि लागवडीच्या दिवशी ती तुटतात. मे महिन्यापासून सावली व पाणी हळूहळू कमी करावे. लाडावलेले रोप डोंगरावर टिकत नाही. शक्य असल्यास वर्षभर वाढवलेली रोपेच लावावीत.

लागवडीचा क्रम माथा ते पायथा असाच ठेवावा, मात्र माथ्यावर झाडांची घाई करू नये. जेथे जेमतेम चार बोटे माती आहे तेथे पवन्या, डोंगरी यांसारखी गवतेच माती धरून ठेवतात. आपल्याकडचा माळ म्हणजे उजाड पडलेले जंगल नव्हे. तो मुळातच गवताळ आहे आणि लांडगा, खोकड, चंडोल यांचे ते घर आहे. या गवतांचे बी पावसाळा सरताना, तुरे पिकल्यावर, काढून पुढच्या जूनसाठी ठेवावे. मधल्या उतारावर हिवर, खैर, बोर ही झाडे चराच्या आत न लावता खालच्या अंगाच्या भरावावर लावावीत. ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर आणि निर्गुडी शोभतात. निर्गुडीच्या तर फांद्याही रुजतात.

हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत बसवली. आपल्या भागात मेंढपाळांचा संसार माळावर चालतो, त्यामुळे सगळा डोंगर एकदम बंद न करता एकेक उतार आळीपाळीने, त्यांच्याशी बोलून, राखावा.

प्रश्न : रोपवाटिकेचा खटाटोप करण्याऐवजी बीजगोळे (माती-शेणात बी घालून वळलेले गोळे) टाकले तर चालेल का?
(एक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : गोळे उघड्या खडकावर पडले तर अंकुर पहिल्याच उघडिपीत करपतो आणि उरलेले बी उंदीर-मुंग्या नेतात. त्यापेक्षा पहिला दमदार पाऊस झाल्यावर चराच्या भरावावर बोटभर खोल दोन-तीन बिया टोकाव्यात आणि शेजारी बोरीची काटेरी फांदी रोवावी, म्हणजे जागेची खूण राहते आणि शेळीचे तोंडही तेथवर पोचत नाही.