संघटन म्हणजे काय : निर्णय कुणाचा, हा पहिला प्रश्न

आपण विचारले आहे की वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर सभा घेतली की माणसे येतात, टँकर मिळाला की पांगतात; मग याला संघटन म्हणावे का, आणि सेवा, आंदोलन व संघटन यांत नेमका फरक काय. माझ्या मते हा फरक कामाच्या स्वरूपावरून ठरत नाही. काय करायचे हे कोण ठरवते, यावरून तो ठरतो. टँकर मिळवून देणे ही सेवा झाली, टँकरसाठी मोर्चा काढणे हे आंदोलन झाले. पण पुढच्या वेळी आपण गावी गेलेले असताना वस्तीने स्वतः बसून विचार केला आणि निर्णय घेतला, तरच तिथे संघटन आहे असे म्हणता येईल.

याचे मला सर्वांत स्पष्ट वाटणारे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावाचे आहे. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले आणि त्यातून या भागात जागृती आली. अशा मोठ्या लढ्यानंतर पुष्कळ गावे पुन्हा शांत होतात. मेंढ्याने मात्र 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा रोजच्या कारभारात उतरवली. देवाजी तोफा गावातून आणि मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून सोबतीला होते. पण बाहेरच्या माणसाने माहिती द्यावी, चर्चेत भाग घ्यावा आणि निर्णय मात्र गावाने घ्यावा, ही मर्यादा तिथे काटेकोरपणे पाळली गेली.

त्यासाठी दोन वेगळ्या बैठका होत्या, आणि मला वाटते की आपल्याला सर्वांत जास्त उपयोग याच गोष्टीचा होईल. अभ्यासगटात कायदा, जंगल, हिशेब अशा विषयांची उकल होत असे. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बसे, आणि तिथे कुठलाही ठराव होत नसे. ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा होता, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. एखाद्याला पटले नाही तर विषय पुढे ढकलला जाई आणि चर्चा पुन्हा होई. ही पद्धत संथ आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु बहुमताने हरलेला गट बाहेर पडून कुरकुर करत राहतो, आणि अंमलबजावणीच्या वेळी तीच कुरकुर सगळ्यांना महागात पडते, हे मी अनेक वस्त्यांत पाहिले आहे. दारूसारख्या अवघड विषयावर बायकांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवयही अशाच सबुरीने लागते.

या सवयीचे फळ वनहक्क कायदा आल्यावर दिसले. 2006 च्या या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांना गोळा करून विकता येईल असे उत्पन्न. मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क 2009 साली मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनविभाग सोडायला तयार नव्हता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कायदा देशभर लागू होता. पण तो वाचून, आपला दावा मांडून, विक्री आणि हिशेब सांभाळण्याची तयारी ज्या गावात होती, तिथे तो लवकर जिवंत झाला.

शहरात हे जमेल का, असे आपण म्हणाल. पुण्यात बाबा आढाव आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी हमाल-माथाडींना उभे केले, तेव्हा मालक कोण हाच वाद होता, कारण व्यापारी मालकपण नाकारत आणि कामगार आज या गाळ्यात तर उद्या त्या गाळ्यात ओझी वाहत. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे नेमली. त्यांत कामगाराचीही नोंद होते आणि काम देणाऱ्याचीही, व मजुरी आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर काम देणाऱ्याने भरायची जादा रक्कम, मंडळात जमा होते. सत्ता कुठे आहे हे नीट ओळखून मागणी तिथेच रोखली, म्हणून हे घडले. आपल्या वस्तीतही टँकरच्या मागणीत अडकून पडू नये. नळजोडणी कुणाच्या सहीने अडली आहे, जागेची कागदपत्रे कुठली मागतात आणि त्या भागाच्या पाणीपुरवठ्याचा निर्णय कोणत्या कार्यालयात होतो, हे वस्तीतल्याच पाच-सहा जणांनी शोधून काढावे. त्यात पाणी भरणाऱ्या बायका असाव्यातच, कारण कोणत्या गल्लीत कधी आणि किती पाणी येते याची खरी नोंद त्यांच्याकडेच असते.

पैशाबाबतही एक सांगतो. मेंढ्याने स्वतःचा गावकोष उभारला, आणि मजुरीतला हिस्सा गावकऱ्यांनीच त्यात घातला. वस्तीचा अर्ज, झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च वस्तीच्या वर्गणीतून, दर घरी अगदी दहा रुपये घेऊनही, निघावा आणि त्याचा हिशेब दर बैठकीत वाचून दाखवावा. देणगीदार मिळत असला तरी पहिली काही वर्षे हेच करावे, असे माझे ठाम मत आहे. ज्याने पैसे दिले तो हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारणारा माणूस पुढच्या बैठकीला न बोलावताही येतो.