वाचकांचे प्रश्न : खिडक्या राहिल्या बाजूला, अख्खं यानच लाल!

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहते. मावसभावानं पुण्याहून अंतराळयानाचं किट आणून दिलं, वीतभर लांब, पांढऱ्या प्लॅस्टिकचं. मागच्या तान्ह्या पोळ्याला मामानं आमच्या लाकडी नंदीच्या डोळ्यांत लाल एलईडी बसवून दिले होते, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. तेच कापून यानाच्या इंजिनात लावले. एक फट्कन गेला. दुसरा रिमोटच्या दोन सेलांवर पेटवला, तर अख्खं यान आतून लालभडक झालं. तयार लायटिंगचा संच किटपेक्षाही महाग आहे. दोनशे रुपयांत जमेल काय?

उत्तर : जमते, पोरी. चहापुरते उरतीलही.

आधी मेलेल्या एलईडीचं पाहू. तुझ्या मामानं तारेवरच्या स्लीव्हखाली रेझिस्टन्स, म्हणजे करंटला आवर घालणारा रंगीत पट्ट्यांचा दाणा, दडवला असणार. तू तार कापलीस अन् तो नंदीतच राहिला. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३च्या आसपास. त्यापुढे व्होल्टेज जरा चढलं की करंट त्याला आवरत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी सोड, लवकर संपते. घरातला जुना मोबाइल चार्जर काढ. आपल्याकडची लाइन कितीही डुलली तरी तो ५ व्होल्टच देतो. पॉवर बँक मात्र फसवते. एवढ्याशा करंटला काही जोडलंच नाही असं समजून ती बंद पडते.

पांढऱ्याचा हिशेब असा : ५ वजा ३, उरले २ व्होल्ट. त्याला हव्या असलेल्या करंटनं, १० मिलिअँपिअरनं, म्हणजे ०.०१नं भागलं की २०० ओमचा रेझिस्टन्स. दुकानात २२०चा मिळतो, पट्टे लाल-लाल-तपकिरी. लाल एलईडीला ३३०चा, नारिंगी-नारिंगी-तपकिरी. दर एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स. लांब पाय प्लसला. अन् दिवाळीची २३० व्होल्टवरची माळ कापून वापरायचा विचार डोक्यात असेल, तर तो आत्ताच काढून टाक.

आता खरं दुखणं. नंदी लाकडाचा, त्यातून उजेड फुटत नाही. किटचं प्लॅस्टिक जेमतेम मिलिमीटरभर जाड, अन् त्यात पांढरं. ते कंदिलासारखं पेटणारच. म्हणून डिंक लावायच्या आधी दोन्ही अर्ध्या भागांना आतून काळ्या रंगाचे दोन हात दे. वाळला की वरून पांढरा किंवा चंदेरी हात, म्हणजे उजेड आत फिरून खिडक्यांकडे जातो. मग एलईडी पेटवून अंधाऱ्या खोलीत यान फिरवून पाहा. जिथून गळेल तिथं पुन्हा काळा. दोन भाग जुळतात ती शिवण सगळ्यात चोरटी. तिच्या आतून काळ्या कागदाची पट्टी चिकटव. मी पहिल्या यानाला हे सगळं बाहेरचा रंग झाल्यावर करायला गेलो, अन् ते पुन्हा उघडताना पंखच मोडला.

खिडक्यांमागे बटर पेपर लाव, नाहीतर एलईडीचा ठिपका सरळ डोळ्यात घुसतो. तिथं २२०च्या जागी १ किलोओम घाल. कमी उजेडातच यान मोठं वाटते. भगभगीत केलं की लग्नाचा मांडव! पंखांच्या टोकांना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, विमानासारखं. अंतराळात असा नियम कोणी केला नाही, पण डोळ्याला पटते.

तार विकत घेऊ नको. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे जळक्या पंपांच्या तांब्याच्या तारेचा ढीग असते. त्यातली केसाएवढी बारीक माग. जळक्या तारेचं वार्निश कुठंकुठं उडालेलं असते, म्हणून न काळवंडलेला तुकडा निवड. वार्निश हेच तिचं इन्सुलेशन, म्हणून फक्त टोकं पॉलिश पेपरनं घासून मग डाग दे. डाग द्यायचा तो यानाबाहेर. सोल्डरिंगची कांडी तीनशे अंशांच्या वर असते, प्लॅस्टिक शंभराच्या आतच मऊ पडते.

बारीक ठिपक्यांसाठी जत्रेतला केसाळ चमकता दिवा घे. त्याचे केस म्हणजे प्लॅस्टिकची फायबर. उदबत्तीचा निखारा टोकाजवळ नुसता नेला की टोक फुगून गोल होते. ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या इंटरनेटच्या केबलची फायबर मात्र काचेची. तिची कुसळं बोटात शिरली तर दिसतही नाहीत.

इंजिनाला दिवाळीतली बॅटरीवाली पणती फोड. तिच्या एलईडीतच लुकलुकणारी चिप असते. रेझिस्टन्स तिलाही लाव.

पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते. साधा पांढरा गोंद चालते. एलईडी ग्लू गननं बसवलेस तर यान टिनाखाली ठेवू नको. मे महिन्यात माझे दोन सुटून पोटात खुळखुळत होते, अन् यान तर कायमचं बंद केलेलं.

तारा स्टँडच्या भोकातून खाली काढ. मग दोन्ही भाग रबरबँडनं बांधून रात्रभर पेटतं ठेव. सकाळी सगळे जिवंत दिसले, तरच डिंकाची बाटली उघड.