नोकरी सोडून सेवेला लागायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून, साधं राहून लोकांची सेवा करायची आहे, सुरुवात कुठून करू? नोकरी एवढ्यात सोडू नका. मी कोल्हापूरचा, पतसंस्थेत कारकून. शनिवारी दुपारी इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो, तेवढंच माझं भांडवल.

त्याआधीची फजिती सांगतो. ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलेलं. मी गल्लीत फिरून जुन्या कपड्यांची सात गाठोडी जमवली आणि मोठ्या ऐटीत निवारा केंद्रावर नेली. तिथं आधीच कमरेएवढा ढीग. एक मावशी म्हणाल्या, "बाळ, लुगडी उदंड झाल्यात. आतली कापडं कुणी आणल्यात का बघ." ते कुणालाच सुचलं नव्हतं. वर गाठोडी उतरवायला चार पोरं मी अडकवली ती वेगळीच.

सीपीआरला म्हणून पहिले तीन शनिवार नुसता बसलो. जेवण देणारे बरेच दिसले. अडतं दुसरीकडंच. चंदगडकडची एखादी बाई नवऱ्याला घेऊन एकटी आलेली असते. केसपेपरच्या रांगेत ती उभी राहिली तर त्याच्यापाशी कोण? रक्ताची चिठ्ठी घेऊन कोण पळणार? त्यात मोफत उपचाराच्या सरकारी फुले योजनेसाठी रेशन कार्ड लागतं आणि ते असतं घरच्या पेटीत, शंभर किलोमीटरवर. आता मी आधी तेच विचारतो. मग गावात शेजाऱ्याला फोन लावायचा आणि सकाळच्या एसटीनं कुणी येणारा असेल तर त्याच्याकडं कार्ड द्यायला सांगायचं. तिची एक खेप वाचते. माझा खर्च एका फोनचा.

गाडगेबाबा गावात शिरले की कीर्तनाआधी हातात खराटा घ्यायचे. घाण कुठं आहे ते झाडणाऱ्यालाच नेमकं कळत असणार.

साध्या राहणीचं म्हणाल तर मी ठरवून काही सोडलं नाही. शनिवार गेला, त्याबरोबर हॉटेल आणि खरेदीही गेली. मिसळ सुटलेली नाही. घरच्यांना मात्र आधी विचारा. "गॅस संपलाय, ती पण सेवाच की," हे मला दोनदा ऐकावं लागलंय आणि दोन्ही वेळा बायकोचंच बरोबर होतं.

एक रजा टाका. सकाळी नऊला तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर बाकावर बसा. सोबत काही नेऊ नका, पेन तेवढं असू द्या. पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी मागतंच.