चुनाभट्टीतली भट्टी कुठे शोधावी?

तुमचे प्रश्न दोन: मुंबईतल्या चुनाभट्टीच्या नावातली भट्टी आज कुठे पाहता येईल, आणि गडावर दिसलेला, फोटोतला गोल दगडी चर तेलाचा घाणा होता का?

चराचं आधी सांगतो. तेलाच्या घाण्याला मधोमध खोल उखळ असतं, त्यात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, फिरते. तुमच्या फोटोत उखळ नाही, जमिनीलगत नुसता गोल चर आहे. तो चुन्याचा घाणा. बैल जुंपलेलं दगडी चाक त्यातून फिरायचं आणि विझवलेला, म्हणजे भाजून मग पाणी घातलेला, चुना वाळूबरोबर मळून निघायचा.

आता भट्टी. नावामुळे आपण धुराडं शोधत फिरतो, पण अशा भट्ट्या मातीच्या आणि ओबडधोबड दगडांच्या असत. काम संपलं की पडत, वर घरं उभी राहत. म्हणून मी तरी मुंबईत भट्टीपेक्षा चुना शोधतो. आपला खडक काळा बेसाल्ट, तो भाजून चुना निघत नाही. त्यामुळे इथे कालवांची, तिसऱ्यांची टरफलं भाजत, नाहीतर घाटावरचे चुनखडे आणत. खाली हवेला तोंड ठेवून जळण आणि शिंपल्यांचे थर आलटून पालटून रचायचे आणि साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना (भाजलेला, अजून न विझवलेला) उरतो, बाकीचा वायू होऊन जातो. टरफलं आधी गोड्या पाण्याने धुवावी लागत, नाहीतर मिठामुळे भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरतो.

भाजणी सगळीकडे सारखी होत नसे, आणि आपल्याला तेच उपयोगी पडतं. जुन्या भिंतीच्या दर्जांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, पांढरे खडे, कच्ची राहिलेली शिंपल्याची कपची किंवा कोळशाचा कण दिसला, की भट्टीच तुमच्यासमोर आहे असं समजा. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना १९१४ साली सुरू झाला. त्याआधीच्या मुंबईचं बहुतेक दगडी बांधकाम, १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हीटीसकट, चुन्यातलंच. म्हणून या दर्जा सिमेंटने भरलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं: ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

कृपया भिंत खरवडू नका, संरक्षित वास्तूतून खडाही उचलू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी धरून दर्जेचा जवळून फोटो काढा आणि इथे टाका. शिंपला आहे की चुनखडा, ते मिळून पाहू.