घंटा झाली की बाकाखाली

प्रश्न: ताई, मी तासगाव तालुक्यात झेडपी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ऑटिझमचा एक मुलगा आहे, सुट्टीची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली जातो, ओढून काढलं तर चावतो. बाकीचे पालक म्हणतात त्याला दुसरीकडं घाला. काय करू?

उत्तर: बाई, आधी ते ओढायचं बंद करा. तो मस्ती करत नाहीये, अशा बऱ्याच मुलांना अचानक आलेला मोठा आवाज सहनच होत नाही आणि त्यात कुणी अंगाला हात लावला की चावणं हेच त्याचं 'नको' असतं. घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला डब्याचं चित्र दाखवा, रोज तेच चित्र, म्हणजे पुढं काय होणार ते त्याला कळतं, आणि जागा घंटेपासून लांब द्या. बाकाखाली गेला तर बसू दे की थोडा वेळ, शांत झाला की येईल. चावण्याआधी काय झालं, नंतर तुम्ही काय केलंत, आठवडाभर वहीत लिहा, त्यातनंच बरंच उलगडतं. गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातल्या, विशेष शिक्षकांना ती वही दाखवा. आणि पालकांना स्पष्ट सांगा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तो याच वर्गात शिकू शकतो, त्याला काढता येत नाही.