करार केला म्हणजे ठेवलं असं नाही

प्रिय पोरी,

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगवरचं तुझं टिपण वाचलं. 'ओक्लाहोमा सिटी थंडरनं जेम्स हार्डनला सोडून मूर्खपणा केला' हा निकाल पहिल्याच ओळीत, आणि खाली हा खेळाडू पुढं किती मोठा झाला याचे आकडे. २०१८चा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, हा किताब तर हिरव्या पेननं चौकटीत. पण थंडरला ठरवायचं होतं ऑक्टोबर २०१२ मध्ये, आणि तेव्हा तुझं हिरवं पेन कुणाकडेच नव्हतं.

त्या महिन्यात जाऊन बस. जूनमध्ये संघ फायनल खेळून मायामीकडून १-४ हरलाय. हार्डन २३ वर्षांचा, बेंचवरून येणारा, त्या वर्षीचा सर्वोत्तम सिक्स्थ मॅन, म्हणजे राखीव खेळाडूंतला सर्वोत्तम. संघातल्याच ड्युरंट आणि वेस्टब्रुकचे मोठे करार झालेले, ऑगस्टमध्ये इबाकाचाही. करार वाढवायची मुदत ३१ ऑक्टोबर. संघाच्या एकूण पगारानं ठरलेली रेषा ओलांडली की दंड असतोच, पण २०१३-१४ पासून तो वरच्या प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलरपासून पुढं चढत जाणार होता. ओक्लाहोमा सिटी काही न्यूयॉर्क नाही. चार वर्षांच्या करारात दोन्ही बाजूंत पन्नास-साठ लाख डॉलरचं अंतर उरल्याच्या बातम्या होत्या. २७ तारखेला त्याला ह्यूस्टनच्या संघाकडे पाठवलं. बदल्यात केव्हिन मार्टिन, जेरेमी लँब हे खेळाडू आणि ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क.

तेव्हा मीही 'बरं झालं, पैसे वाचले' म्हणालो होतो. ह्यूस्टनकडून पहिल्याच सामन्यात त्यानं ३७ गुण ठोकले, त्या सकाळी माझा चहा गार झाला.

तुझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत: ठेवा, द्या. तिसरा कुठाय? काहीच केलं नसतं तर हार्डन आणखी एक हंगाम जुन्याच, स्वस्त करारावर खेळला असता. मग उन्हाळ्यात दुसऱ्या संघानं दिलेली ऑफर तेवढ्याच पैशात स्वीकारून त्याला राखायचा हक्क थंडरकडेच होता. मी असतो तर थांबलो असतो. अर्थात थांबणंही फुकट नसतं: २०१६ मध्ये ड्युरंटचा करार संपला, तो गोल्डन स्टेट या दुसऱ्या संघात गेला आणि थंडरच्या हाती काहीच लागलं नाही.

चौथा रकाना, आधी करार मग विक्री, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पॉल जॉर्जनं २०१८ मध्ये थंडरशी चार वर्षांचा नवा करार केला. वर्षभरातच त्याला जायचं झालं. पण करारावर बरीच वर्षं शिल्लक होती, आणि कवाय लेनर्ड या बड्या खेळाडूला आणायचं तर क्लिपर्स संघाला जॉर्ज हवाच होता. थंडरचा कारभार बघणाऱ्या सॅम प्रेस्टीनं त्याच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले, शिवाय दोनदा पिक अदलाबदलीचा हक्क. त्यातल्याच एका पिकमधून जेलन विल्यम्स आला. २०२५ मध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून विजेतेपद मिळवलं ते याच दोघांच्या जोरावर. करार संपत आलेला जॉर्ज विकायला काढला असता, तर एवढं कुणी दिलं असतं का?

म्हणजे आधी करार, मग विक्री, हा रस्ता हार्डनच्या वेळीही होता. महाग होता, एवढंच. किती महाग, ते तू काढ. दंडाचे टप्पे लावून २०१३-१४चा पगारपट मांड, चारही रकान्यांचा. फक्त २७ ऑक्टोबर २०१२ नंतरचा एकही गुण त्यात घेऊ नकोस. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये, आणि ते हिरवं पेन घरीच ठेव.

तुझा,
काका